आसनावरचे निळे मणी

१

बिबट्याचं कातडं उचललं तेव्हा माफोला आधी वाटलं, धूळ बसली असेल.

बातुमलाच्या राजवाड्यातल्या आतल्या चौकात, भर उन्हात, आसन बाहेर काढून ठेवलं होतं. जुने फो गेले त्याला एक पीक उलटलं होतं. येत्या बाजाराच्या दिवशी त्यांचा मुलगा त्यावर बसून नवा फो, नवा राजा होणार होता. माफो त्या मुलाची आई. आसनावरचं कातडं उचलायचा हक्क एकट्या फोचा. एक फो गेला की दुसरा बसेपर्यंत तो माफोकडे येतो. म्हणून आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्या कातड्याला हात लावला होता.

आसन म्हणजे पाठीवर बैठक पेललेला लाकडी बिबट्या, आणि मागे पहारा देणारे एक पुरुष न् एक बाई. सगळं लाकूड मण्यांनी मढवलेलं. बिबट्याच्या अंगावरचे निळे मणी खापरपणज्यांच्या काळात समुद्राकडून माणसांच्या डोक्यावरून आलेले. ऊन पडलं की तो निळा रंग पाण्यासारखा हलतो, असं म्हातारे सांगत.

आज तो हलला नाही. माफोनं नख लावलं. नखाला निळा रंग लागला आणि खालून करडं बी दिसलं. रानगवताचं टणक बी, निळीत बुडवलेलं. तिनं पुढचं पाहिलं, त्याच्या पुढचं पाहिलं. कातडं जिथवर लोंबायचं तिथवर बिबट्याच्या दोन्ही कुशी अशाच होत्या. कुणीतरी आसन सोललं होतं, आणि सोललेल्या जागी गवताचं बी शिवून ठेवलं होतं.

नऊ मानकऱ्यांतला थोरला मोंथे. त्यानं जेवणवेळेआधीच नूबिसीला धरून आणवलं. नूबिसी भांडारघराचा राखणदार, तरुणपणापासून कमरेला त्या दाराची किल्ली घेऊन फिरणारा. मोंथेनं शिक्षाही सांगून टाकली: बाजाराच्या दिवशी हद्दपार, आणि कुळाच्या कवट्या इथंच राहतील.

बातुमलात बाप-आजांची डोकी घरामागच्या छोट्या खोपीत, मातीच्या मडक्यांत असतात. आजारपण आलं, लेक द्यायची झाली, की माणूस तेल-मीठ घेऊन तिथं जाऊन बसतो आणि बोलतो. ती डोकी ज्याच्यापासून तोडली त्याचं ऐकणारं जगात कुणी उरत नाही. मरण त्यापेक्षा बरं.

नूबिसी एवढंच म्हणाला, "बरं. जातो."

माफोला तेच खटकलं. चोर गयावया करतो, निरपराधी त्याहून जास्त करतो. हा मुळीच करत नव्हता. तिनं वरच्या पाड्यावर निरोप धाडला. दुआला शहराच्या पोलिसांतला इन्स्पेक्टर देफो आईला भेटायला गावी आला होता.

२

देफोची आई निरोप्याला दारातूनच परतवायला निघाली होती. देफोनं हाक मारून त्याला थांबवलं, निरोप ऐकला आणि चपला घातल्या.

"जेवून तरी जा," आई म्हणाली. तिनं अळकुड्या कांडून गोळा केला होता, मध्ये खळगा करून पिवळा रस्सा ओतला होता. गाव तिला माग्नी म्हणे, जुळ्यांची आई. देफो आणि वाबो. जुळ्यांची आई म्हणजे देवानं खुणावलेली बाई. तिला वाटेत कुणी आडवं जात नसे.

देफो बसला आणि बोटानं रस्सा वळवत नेहमीचा प्रश्न विचारला. वाबोची काही खबर?

नेहमीचंच उत्तर आलं. गॅबनला जाणारा एक ड्रायव्हर भेटला होता, वाबो लाकडाच्या वखारीत आहे, बरा आहे, म्हणे. कधी ड्रायव्हर असे, कधी मासळीवाली, कधी कुणाचा मेहुणा. सरकारविरुद्ध जंगलातली लढाई पेटली तेव्हा देफो नुकताच पोलिसांत लागला होता आणि वाबो एका सकाळी घरातून निघून गेला. तो जंगलातल्यांना मिळाला असं कुणी म्हणे, सीमा ओलांडून गॅबनला गेला असं आई म्हणे. देफोनं आईचं खरं मानलं होतं. त्याला दुसराही एक आधार होता. तो म्हणे, आम्ही एका पोटात एकमेकांना टेकून झोपलो; तो गेला असता तर मला कळलं असतं. लढाई सरून काही वर्षं झाली होती, तरी तो वाट पाहत होता.

हात धुताना आई म्हणाली, "त्या आसनाच्या भानगडीत पडू नकोस. गेलेल्या फोंनी जे झाकून ठेवलं ते झाकलेलंच राहू दे."

देफोला वाटलं, म्हातारीला राजवाड्याची भीती वाटते. तो निघाला.

चौकात मोंथे मानकऱ्याच्या स्टुलावर बसला होता. त्यानं देफोच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. "या, साहेब. घरातला चोर ओळखायला आता आम्हाला दुआलाहून माणूस लागतो. किल्ली एकाची, भांडार एकाचं. यात शोधायचं ते काय?"

"किल्ली एकाची आहे, काका," देफो म्हणाला, "पण कातडं कुणाचं आहे?"



३

देफो आसनाजवळ मांडी घालून बसला आणि खूप वेळ उठला नाही. माफो छत्रीखालून त्याच्याकडे बघत होती.

मणी माडाच्या जातीच्या एका झाडाच्या धाग्यात ओवतात, तो धागा त्याच झाडाच्या कापडावर टाचतात आणि कापड लाकडावर ताणून बसवतात. धागा नवा असतो तेव्हा वाळक्या गवतासारखा पिवळा, मग वर्षागणिक तपकिरी होत जातो. बिबट्याच्या मानेजवळचे बियांचे धागे उकळलेल्या चहासारखे काळपट होते. कुशीवरचे फिके. शेपटीकडचे त्याहून फिके.

म्हणजे ही एका रात्रीची चोरी नव्हती. वर्षानुवर्षं, मानेपासून शेपटीकडे, कुणीतरी हळूहळू सरकत आलं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून विचित्र. चोर जे हाताला लागेल ते ओरबाडतो. इथं प्रत्येक वेळी तेवढाच तुकडा काढला होता, एकच सर, एकाच लांबीची. जणू कुणी माप घेऊन येत होतं.

आणि टाके. मानेजवळचे टाके वाकडेतिकडे, पोरीनं पहिल्यांदा सुई धरावी तसे. शेपटीकडे येईतो तेच टाके सरळ झाले होते. ज्यानं हे शिवलं तो या आसनावरच शिवायला शिकला होता.

देफो कोठडीत गेला. नूबिसी भिंतीला टेकून बसला होता. देफोनं विचारलं, भांडारात कोण कोण जात असे. मी आणि फो, तो म्हणाला. आणखी कुणी? मी आणि फो. मग मणी कुणी काढले? नूबिसीनं डोळे मिटले. दुआलात पुष्कळ गुन्हेगार देफोपुढे असेच डोळे मिटून बसले होते, पण ते भीतीनं. हा माणूस दार लावून घेत होता.

"बाबा, उद्या तुमच्या आजाच्या डोक्याला तेल कोण लावणार?"

"माझे वाडवडील समजून घेतील," तो म्हणाला. "तू जा, पोरा. तुला हे झेपायचं नाही."

तुला, असं तो म्हणाला.

४

आसनाचे मणी दुरुस्त करणारा तालोम गावाच्या टोकाला राहायचा. मोंथेच्या यादीत दुसरा चोर तोच होता. देफो पोचला तेव्हा तो दारात बसून एका मानकऱ्याच्या टोपीला कवड्या टाचत होता. टाके मुंगीच्या रांगेसारखे. देफोनं ते पाहिलं आणि एक संशयित मनातून वगळला. या हाताला मुद्दाम वाईट शिवणंही जमलं नसतं.

त्यानं तालोमला सरळ सांगितलं. येताना बाजारात जुन्या वस्तू घेणाऱ्या, उत्तरेकडच्या हाउसा व्यापाऱ्याला विचारलं होतं. राजवाड्याचा निळा मणी गेल्या कित्येक वर्षांत या डोंगरांत विकायला आला नाही, आला असता तर आपल्या कानांवर आलंच असतं, असं तो म्हणाला. म्हणजे मणी विकण्यासाठी काढले नव्हते. शिवणारा कारागीर नव्हता. आणि कातडं उचलायला फक्त एक माणूस मोकळा होता.

"फोंना सुई धरायला तुम्ही शिकवलंत, होय ना?" देफोनं विचारलं.

तालोमनं हातातली टोपी खाली ठेवली. "त्यांचा हात जड होता," तो म्हणाला. "राजाचाच हात. बोटं टोचून घ्यायचे आणि हसायचे. मी म्हटलं, मी शिवतो ना. तर म्हणाले, तालोम, तुला माहीत नसलं म्हणजे तुला कुणी मारून विचारणार नाही."

त्यानं फक्त शिकवलं होतं, आणि बी निळीत बुडवून दिलं होतं. मणी कुठे जातात ते त्यानं विचारलं नाही, फोंनी सांगितलं नाही. फक्त पहिल्या वेळी सरीची लांबी ठरवताना फोंनी त्याला जवळ बोलावलं होतं.

"मग?"

"माझं माप घेतलं," तालोम म्हणाला.

देफोच्या खिशात दोरा होता. आसनावरच्या एका पट्टीएवढा मोजून घेतलेला. त्यानं तो तालोमच्या मनगटाला लावला. फार लांब. गळ्याला लावला. तरी लांब. तालोमनं त्याचा हात धरला आणि दोरा स्वतःच्या कपाळाभोवती फिरवला. दोन्ही टोकं बरोबर जुळली.

डोकं. ती सर डोक्याच्या मापाची होती.

या डोंगरांत वाढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. गेलेल्याचं डोकं घरी हवं. त्याशिवाय त्याला जागा नाही आणि मागच्यांना शांती नाही. पण काही डोकी घरी आलीच नव्हती. लढाईच्या वर्षांत जंगलात गेलेली पोरं. त्यांची प्रेतं मिळत नसत, आणि आपलं पोर त्यातलं होतं असं म्हणायचीही सोय नव्हती. एका बाईनं मुलासाठी उघड रडण्याची चूक केली तेव्हा सैनिकांनी तिचा अख्खा पाडा जाळला होता. मानेजवळचे काळे धागे, कुशीवरचे फिके, शेपटीकडचे त्याहून फिके. ती नेमकी तीच वर्षं होती.

त्या डोक्यांच्या जागी ठेवायला फो आपल्या पूर्वजांच्या आसनावरून एकेक डोकं काढून देत होते.

५

देफो पुन्हा कोठडीत गेला तेव्हा नूबिसीनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याला कळलं की याला कळलंय.

मग तो थोडंसं बोलला. बाया भरदिवसा येत, डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन, राजवाड्याच्या चुलीला म्हणून. आत फो जमिनीवर बसलेले असत. बाई बोलत नसे, तेही बोलत नसत. ते सर तोडून तिच्या ओच्यात टाकत, ती मोळी उतरवून निघून जाई. मागे फो बी शिवत बसत. आमच्या बापजाद्यांनी हे मणी कशासाठी साठवले, असं एकदा ते म्हणाले होते, माझ्या बुडाखाली चमकायला?

"तुम्ही हे मोंथेकाकांना का सांगत नाही?"

"ते विचारतील कोणत्या बाया. तूही तेच विचारशील. तू पोलीस आहेस."

"लढाई संपली, बाबा."

"संपली असेल. गणवेश आहेच ना?"

देफोनं नावं विचारली नाहीत. त्यानं शपथेवर सांगितलं की विचारणार नाही. नूबिसी त्याच्याकडे बघत राहिला, आणि त्या नजरेत राग नव्हता, दया होती. देफोला आईचं बोलणं आठवलं. गेलेल्या फोंनी जे झाकून ठेवलं. निरोप्यानं आसनाचे मणी गेले एवढंच सांगितलं होतं. त्यात फोंचा हात होता असं त्या घटकेला गावात कुणीच म्हटलं नव्हतं. आणखी एक आठवलं. त्यांच्या घराकडे राजवाड्याची कुठलीच चाकरी नव्हती. तरी एका वर्षी सुट्टीवर आला असताना त्यानं आईला वाड्याच्या वाटेवरून मोळी नेताना पाहिलं होतं, आणि या वयात कशाला, म्हणून रागावला होता.

तो वरच्या पाड्याकडे चालू लागला. नंतर तो सांगत असे, ती वाट मी कशी चढलो ते मला आठवत नाही.

आई घरामागच्या खोपीच्या दारात बसली होती. जणू तो याच वाटेनं येणार हे तिला माहीत होतं. आत बापाचं मडकं होतं, आजाचं होतं, आणि त्यांच्या मागे, भिंतीच्या अंगाला, एक लहान मडकं होतं. देफो वर्षानुवर्षं इथं तेल-मीठ घेऊन बसला होता. ते लहान मडकं बियाण्याचं असेल असं त्याला वाटायचं.

"उचल," आई म्हणाली.

त्यानं झाकण काढलं. आत थोडी लाल माती होती आणि तिच्यावर वेटोळं घालून निळी सर ठेवली होती. खोपीत ऊन तिरपं येत होतं. निळा रंग पाण्यासारखा हलला.

६

देफो बोलला तो हट्टी पोरासारखा. हे त्याचं नाही, म्हणाला. कुणीतरी तुला चुकीचं सांगितलं. तो गेला असता तर मला कळलं असतं.

"कळलं होतं तुला," आई म्हणाली. "त्या कोरड्या ऋतूत तू दुआलात तापानं फणफणला होतास, आठवतं? डॉक्टरला काही सापडेना. तू अन्न टाकलंस, भिंतीकडे तोंड करून निजून राहिलास. मी ट्रकवर बसून आले तुझ्या उशाशी. तू तापात विचारत होतास, माझी दुसरी बाजू थंड का पडली? मला तेव्हा दोनच दिवस झाले होते कळून."

"आणि तू काही बोलली नाहीस."

"खुंटीला तुझा गणवेश टांगलेला होता."

ती हे दोष द्यावा तशी म्हणाली नाही. ऊन आहे, वारा आहे, तसं म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू एक तर रडला असतास, नाहीतर गप्प बसला असतास. रडला असतास तर त्यांनी तुलाही नेलं असतं. गप्प बसला असतास तर..." तिनं पदर तोंडाला लावला. "तर मग माझे दोघंही गेले असते. म्हणून मी त्याला गॅबनला पाठवला. निदान तिथं तो तुझ्यासाठी जिवंत होता. दर खेपेला तू विचारायचास आणि मी त्याला नवं काम द्यायची. कधी वखारीत, कधी बोटीवर. एकदा लग्नही लावणार होते त्याचं. धीर झाला नाही."

देफोनं मडकं मांडीवर घेतलं. ते हलकं होतं, फार हलकं.

७

बाजाराच्या दिवशी चौक भरला. एकीकडे मानकरी, दुसरीकडे बाया, मध्ये नूबिसी. देफो उभा राहिला आणि त्यानं जेवढं सांगायचं तेवढंच सांगितलं. धाग्यांची वयं, टाक्यांचा हात, कातड्याचा हक्क. मणी कुणी चोरले नाहीत. गेलेल्या फोंनी स्वतः, स्वतःच्या हातानं, ते मणी आपल्या माणसांना दिले.

"दिले तर कुठे आहेत?" मोंथेनं विचारलं. "कुणाला दिले? नाव सांग."

"नाव सांगणार नाही."

"मग हा राखणदार चोर आणि तू त्याचा वकील."

देफोनं खिशातून दोरा काढला. मोंथेजवळ जाऊन त्यानं तो हळूच, बापाला टोपी घालावी तसा, त्याच्या कपाळाभोवती फिरवला आणि टोकं जुळवून दाखवली. "प्रत्येक सर एवढीच होती, काका. एक फेर. लढाईच्या वर्षांत."

मोंथेला एक मुलगा होता. धाकटा. गॅबनला गेलेला.

म्हाताऱ्याची मान बायकांच्या रांगेकडे वळली. तिथं त्याची बायको जुइजे बसली होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिनं मान खाली घातली, आणि तिच्या शेजारणीनं तिचा हात हातात घेतला, आणि त्या शेजारणीच्या शेजारणीनंही.

मोंथेनं दोरा डोक्यावरून काढला. तो बोटांत गुंडाळत राहिला. "सोडा त्याला," तो शेवटी म्हणाला. मग तो नूबिसीला म्हणाला, "तू मला सांगायचं होतंस."

"तुम्ही मानकरी होता, मोंथे," नूबिसी म्हणाला. "तुम्हाला सैनिकांबरोबर बसून जेवावं लागायचं."

त्या दुपारी नवा फो आसनावर बसला. बी काढून नवे मणी लावावेत असं एकानं सुचवलं. माफो नाही म्हणाली, आणि कातडं तिनं स्वतः घातलं. मग गावात एका घरातून रडण्याचा आवाज उठला, जुइजेच्या घरातून. मग दुसऱ्या घरातून. सैनिक आले नाहीत. संध्याकाळपर्यंत सगळा डोंगर रडत होता, इतक्या वर्षांचं साठलेलं, आणि वरच्या पाड्यावर माग्नी जुळ्यांतल्या एकाचं डोकं मांडीवर घेऊन रीतीप्रमाणे त्याचे केस उतरवत होती.

देफो दुआलाला परतला तेव्हा डोक्याचा गोटा झालेला पाहून त्याच्या साहेबांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, घरी कोण गेलं?

"भाऊ."

साहेब हळहळले. आजारी होता का, त्यांनी विचारलं.

"नाही, साहेब. लढाईत गेला. जंगलातल्यांच्या बाजूनं."

साहेब उठले, त्यांनी दार लावून घेतलं आणि परत येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "हे मला सांगितलंस ते सांगितलंस. दुसऱ्या कुणापाशी त्याचा विषय काढू नकोस."

देफो उभा राहिला. त्यानं टोपी डोक्यावर नीट बसवली.

"त्याचं नाव वाबो होतं," तो म्हणाला, बाहेर बसलेल्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.